बोकडाचे व मेंढ्याचे मांस : पारख, भाग आणि पाक

शिरोडे व आसपासच्या गावांत पाहुणा आला, शिमगा आला किंवा आषाढी अमावास्या जवळ आली म्हणजे घरोघर वडे-सागोतीचा बेत ठरतो. मात्र एकाच दिवशी, एकाच दराने घेतलेले मांस एका घरी लोण्यासारखे मऊ शिजते आणि दुसऱ्या घरी तीन तास चुलीवर राहूनही दाताला लागते, हा अनुभव नवा नाही. अशा वेळी दोष रांधणारणीला, चुलीला किंवा मसाल्याला दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा दोष यांपैकी कोणाचाच नसतो. जनावराचे वय, त्याची जात, त्याचा चारा, कापण्यापूर्वी त्याला झालेले श्रम आणि हाती आलेला तुकडा शरीराच्या कोणत्या भागाचा आहे, या पाच गोष्टींवर मांसाची चव व मऊपणा अवलंबून असतो.

ही माहिती खाणाऱ्याला जितकी उपयोगी आहे, तितकीच ती शेळी पाळणाऱ्यालाही उपयोगी आहे. दोन-चार शेळ्या दारात बांधणारे कुटुंब आपला बोकड नजरेच्या अंदाजावर विकते. त्याच बोकडाचे मांस मात्र तराजूने तोलून विकले जाते. मधला फरक कोणाच्या पदरात पडतो, हे सांगावयास नको. शिवाय किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांना घरगुती जेवण देणारे बचत गट या भागात उभे राहत आहेत. त्यांना कोणता भाग कशासाठी घ्यावा हे कळले, तर नासाडी टळेल आणि ताटाची कीर्तीही टिकेल. म्हणून या पाठात मांसाची पारख, त्याचे भाग आणि त्यांचा पाक यांचा क्रमाने विचार केला आहे.

शब्दांचा घोळ

प्रथम शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे ‘मटण’ हा एकच शब्द बोकड, शेळी, मेंढा आणि मेंढी या सर्वांच्या मांसाला वापरतात. शेळीच्या पिलाला करडू व मेंढीच्या पिलाला कोकरू म्हणतात, हे शेतकऱ्याला माहीत आहे. पण खाटकाच्या दुकानात हा भेद राहत नाही. युरोप, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत एक वर्षाच्या आतील कोकराच्या मांसाला ‘लँब’ व प्रौढ मेंढ्याच्या मांसाला ‘मटन’ म्हणतात आणि दोहोंचे दर वेगळे असतात. म्हणजे तेथे वय हाच दराचा पाया आहे. आपल्याकडे कोवळा बोकड आणि विणे थांबलेली म्हातारी शेळी पुष्कळदा एकाच दराने विकली जाते.

कातडी काढल्यानंतर बोकड व मेंढा यांतील फरक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. मेंढ्याची चरबी पांढरी व घट्ट असून ती कातडीखाली पाठीवर थराने पसरलेली दिसते. बोकडाच्या कातडीखाली चरबी फार थोडी असते. ती मुख्यतः पोटात, गुर्द्यांभोवती साठते. बोकडाच्या मांसाचा पृष्ठभाग किंचित चिकट असतो व त्याला केस चिकटलेले आढळतात. शिजवल्यानंतरची खूण तर अगदी सोपी आहे : मेंढ्याच्या रश्शावरील तवंग निवताच लवकर गोठतो आणि ओठांना मेणासारखा लागतो, बोकडाच्या रश्शात हा प्रकार कमी होतो.

प्रदेश, जात व चारा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. अशा दमट हवेत मेंढीची लोकर दिवसेंदिवस ओली राहते, खूर सडतात आणि पोटात कृमी वाढतात. म्हणून मेंढपाळी हा घाटमाथ्यापलीकडील कोरड्या प्रदेशाचा व्यवसाय राहिला. देशावरील धनगर आपले कळप घेऊन उत्तर कोकणात हिवाळ्यात उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी परत वर जातात, त्याचे कारणही हेच. दक्षिण कोकणात मटण म्हणजे प्रामुख्याने बोकड, ही रूढी केवळ आवडीतून आलेली नसून हवामानातून आलेली आहे.

या जिल्ह्याची स्वतःची शेळीची जात म्हणजे कोकण कन्याळ. काळा रंग, तोंडावर पांढरे पट्टे, कानांना पांढरी कड आणि पायांवर पांढऱ्या खुणा ही तिची ओळख होय. अतिवृष्टीच्या प्रदेशात टिकून राहण्याचा गुण तिच्या अंगी आहे. राष्ट्रीय पातळीवर नोंदल्या गेलेल्या शेळ्यांच्या जातींत तिचा समावेश आहे, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कुडाळ तालुक्यातील निळेली येथे तिचा अभ्यास व संगोपन केले आहे. ही शेळी रानातील झुडपे, फणसाचा पाला व बांधावरचा हिरवा चारा खाऊन वाढते. हिंडून चरणाऱ्या अशा जनावराचे मांस रंगाने गडद, चरबीला कमी आणि चवीला भरीव असते. मात्र ते सावकाश शिजवावे लागते.

घाटावरून येणाऱ्या बोकडांत उस्मानाबादी व संगमनेरी या दोन जाती मुख्य आहेत. उस्मानाबादी जात आजच्या धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यातील असून तिचा रंग बहुधा काळा असतो. संगमनेरी जात अहिल्यानगर, पुणे व नाशिक भागांत आढळते. कडबा, भुसा व धान्याचा खुराक यांवर बांधून पोसलेल्या बोकडाच्या अंगी चरबी अधिक धरते, मांस फिके व लवकर शिजणारे होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हा फरक जातीपेक्षाही पोसण्याच्या रीतीचा आहे. कन्याळ बोकडालाही विक्रीपूर्वी दोन-तीन महिने बांधून, मूठभर मका किंवा डाळीची चुनी चारली, तर त्याचे अंग भरते.

मेंढ्यांत दख्खनी जात जाड लोकरीची व काटक असते. घोंगड्यांची लोकर तिचीच. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ ही उंच, बाकदार नाकाची जात मांसासाठी नावाजलेली आहे. कर्नाटकातील मंड्या भागाचा बन्नूर मेंढा ठेंगणा व भरदार असून त्याच्या मांसाची चव दूरवर प्रसिद्ध आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. मेंढपाळाला एका वेतात दोन कोकरे मिळाली की मांसाचे उत्पन्न वाढते, हा तिच्यामागील विचार.

चाऱ्याचा परिणाम चवीवर किती होतो, याची परदेशांतील उदाहरणे बोधप्रद आहेत. मेंढ्याच्या मांसाला जो विशिष्ट उग्र वास असतो, तो मुख्यतः त्याच्या चरबीतील काही मेदाम्लांमुळे येतो व वयाबरोबर वाढतो. निव्वळ हिरव्या गवतावर वाढलेल्या मेंढ्याचा वास धान्यावर वाढलेल्या मेंढ्याहून निराळा असतो. फ्रान्समधील मों-सें-मिशेल उपसागराच्या काठी भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या खाऱ्या कुरणांत मेंढ्या चारतात आणि त्यांचे मांस विशेष किमतीला विकतात. शिरोड्याच्या खाजणांत व मिठागरांच्या बांधांवर चरणाऱ्या शेळ्यांच्या धन्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. आपल्या मालाची खासियत सांगता आली, तर तिचे मोल येते.

परदेशी मांसाचा प्रवासही समजून घ्यावा. न्यूझीलंडहून गोठवलेले मांस घेऊन ‘डनेडिन’ हे जहाज १८८२ साली इंग्लंडला पोहोचले आणि तेव्हापासून हजारो मैल दूरच्या देशांतील मेंढ्याचे मांस जगाच्या बाजारात आले. डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारान्वये तेथील मेंढ्याच्या मांसावरील आयात शुल्क उठले. मोठ्या शहरांतील हॉटेलांत असे मांस मिळते. ते कोवळ्या कोकराचे, चरबीदार व लवकर शिजणारे असते; पण सागोतीचा रस्सा जो अंगी लागतो, तो हाडासकट शिजलेल्या ताज्या बोकडाचाच. प्रत्येक मांसाला त्याचे ठिकाण आहे, एवढेच यावरून घ्यावयाचे.

वय व वजन यांची पारख

वय दातांवरून ओळखावे. शेळी-मेंढीच्या खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. सर्व दात दुधाचे, बारीक असतील तर जनावर ‘आदत’, म्हणजे साधारण एक वर्षाच्या आतबाहेरचे. मधली जोडी पडून दोन मोठे दात आले म्हणजे एक ते दीड वर्ष. चार दात आले म्हणजे दोन वर्षांच्या सुमाराचे. सहा दाती जनावर अडीच ते तीन वर्षांचे. आणि आठही दात आले म्हणजे जनावर ‘जुळले’, ते साडेतीन-चार वर्षांचे. पुढे दात झिजतात, फाकतात व पडतात. खाण्यासाठी आदत किंवा दोनदाती बोकड उत्तम. चारदाती बोकडही चांगला. मात्र तो रश्शासाठी घ्यावा, भाजण्यासाठी नव्हे.

न खच्ची केलेला बोकड वयात आला की त्याच्या शिंगांमागील ग्रंथींतून उग्र दर्प येतो. कापणाऱ्याने कातडीला लावलेला हात तसाच मांसाला लावला, तर हा दर्प मांसात उतरतो. मांसासाठी वाढवावयाचे बोकड दोन-तीन महिन्यांच्या वयात पशुवैद्यकीय दवाखान्यातून खच्ची करून घ्यावेत. त्यामुळे दर्प टळतो, जनावर शांत राहते आणि अंग चांगले धरते.

घरी काटा नसेल तर वजन फितीने काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजावा. नंतर खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येस लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. उत्तर अदमासे किलोत येते. समजा घेर २५ इंच व लांबी २५ इंच आहे. २५ × २५ × २५ = १५,६२५; त्यास ६६० ने भागता सुमारे २३.७, म्हणजे जवळजवळ २४ किलो. मोजताना जनावर सपाट जागी सरळ उभे असावे आणि त्याने नुकताच चारा-पाणी घेतलेले नसावे.

या मोजणीचा पैशात अर्थ काय? उदाहरणादाखल जिवंत वजनाचा दर किलोला ३०० रुपये धरू. २४ किलोच्या बोकडाचे ७,२०० रुपये होतात. व्यापाऱ्याने नजरेने तो २० किलोचा ठरवला, तर हाती ६,००० रुपये पडतात. एका बोकडामागे १,२०० रुपयांचे नुकसान केवळ एक फीत नसल्यामुळे होते. कापल्यानंतर हाडासह मांस जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडे कमी भरते. वरील बोकडाचे ते साधारण ११ किलो धरावे. मुंडी, पाय, आतडी व कातडे ही वेगळी. हे प्रमाण माहीत असलेला शेतकरी दर ठरवताना गोंधळत नाही.

कापण्यापूर्वीची व नंतरची निगा

जनावर दूरवरून चालवत, उन्हातून किंवा टेम्पोत कोंबून आणले आणि लगेच कापले, तर त्याचे मांस काळपट, कोरडे व चिकट होते आणि लवकर खराब होते. याचे कारण असे : जिवंत स्नायूंत साखरेचा एक साठा असतो. जनावर कापल्यानंतर या साठ्याचे आम्ल बनते व त्यामुळे मांस टिकते. श्रमाने व भीतीने हा साठा आधीच संपला, तर पुरेसे आम्ल बनत नाही. म्हणून कापण्यापूर्वी जनावरास रात्रभर सावलीत विश्रांती द्यावी, चारा बंद ठेवावा, पण पाणी भरपूर द्यावे.

कापल्यानंतर काही तासांत मांस ताठरते व पुढे त्यातीलच नैसर्गिक पाचक द्रव्यांनी हळूहळू सैल पडते. थंड देशांत यासाठी ते थंड कोठीत टांगून ठेवतात. कोकणच्या उष्ण व दमट हवेत ते बाहेर टांगणे धोक्याचे आहे. एक तर मांस त्याच दिवशी शिजवावे; नाही तर झाकून फ्रिजच्या साध्या कप्प्यात चार अंश सेल्सिअसच्या खाली एक दिवस ठेवावे. ताजे, कोमट मांस थेट बर्फाच्या कप्प्यात टाकू नये; त्याचे स्नायू आखडतात व मग ते वातड होते. साठवावयाचेच असेल तर आधी साध्या कप्प्यात एक दिवस ठेवून नंतर गोठवावे. गोठलेले मांस फ्रिजमध्येच सावकाश वितळवावे आणि एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवू नये.

शरीराचे भाग

मांसाच्या भागांविषयी एकच सूत्र पाठ करावे : जो स्नायू अधिक चालतो तो अधिक चिवट, पण चवीला अधिक गडद, जो कमी चालतो तो कोवळा, पण चवीला सौम्य.

१. मान : सतत हलणारा भाग. हाड व चिवट पडदे पुष्कळ. दीर्घकाळ मंद आचेवर शिजवल्यास रस्सा दाट व चवदार होतो.

२. खांदा व पुढचा पाय : मांस, हाड, थोडी चरबी व पडदे यांचे चांगले मिश्रण. सागोतीसाठी याहून योग्य भाग नाही.

३. छाती : चरबी व कुरकुरीत कुर्चा असलेला भाग. एकट्याचा तेलकट होतो. खांद्याच्या मांसात मिसळून घ्यावा.

४. बरगड्या अथवा चाप : पाठीकडील मांस कोवळे असते. कोवळ्या जनावराचे चाप तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजण्यास उत्तम.

५. पाठ : कण्याच्या दोन्ही बाजूंचे पट्टे सर्वांत कोवळे. थोड्या वेळात शिजतात. जास्त शिजवल्यास कोरडे पडतात.

६. मांडी : सर्वांत जास्त निव्वळ मांस येथे मिळते. सुके मटण, खिमा व बिर्याणीसाठी चांगली. केवळ मांडीचा रस्सा केला तर तो पातळ लागतो.

७. नळी व पाया : मांस थोडे, पण हाडातील मगज व शिरांचे पडदे यांमुळे रस्सा निवल्यावर थिजतो.

८. कलेजी, गुर्दा, वजडी, मुंडी : कलेजीत लोह व ‘अ’ जीवनसत्त्व विपुल असते. ती पाच-सात मिनिटे परतावी. जास्त शिजवल्यास दगडासारखी होते. वजडी गरम पाण्यात खरवडून, अनेक पाण्यांनी स्वच्छ करून दीर्घकाळ शिजवावी.

दुकानात ‘मांडीचे द्या’ असा आग्रह बहुतेक गिऱ्हाईक धरतात व मान, छाती, पाया मागे पडतात. सागोती करावयाची असेल तर एका किलोत अर्धा किलो खांदा, पाव किलो मान आणि पाव किलो बरगड्या व नळी असे मिश्र मांस मागावे. त्याचा रस्सा निव्वळ मांडीच्या रश्शाहून सरस उतरतो.

शिजताना काय घडते

मांस म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या व त्यांना बांधणारे पांढरे पडदे. उष्णतेने या दोहोंवर उलट परिणाम होतो. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे तंतू आखडून पाणी सोडतात व कोरडे होऊ लागतात. पडदे मात्र ओल्या उष्णतेत, सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे दीर्घकाळ राहिले म्हणजे विरघळून सरसासारखे मऊ द्रव्य बनतात. मान किंवा खांदा अर्ध्या तासाने चाखला तर तो कच्च्याहूनही चिवट वाटतो, कारण तंतू आखडलेले असतात आणि पडदे विरघळलेले नसतात. त्या वेळी आच वाढवणे ही चूक होय. आच मंद ठेवून वेळ वाढवावा. पाठीच्या मांसात पडदेच थोडे असल्यामुळे त्याला वेळ वाढवून लाभ होत नाही.

प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास तापते, म्हणून वेळ वाचतो. कोवळ्या बोकडाला वाफ धरल्यानंतर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे पुरतात. जुळलेल्या जनावराला अर्धा तास किंवा अधिक लागतो.

मीठ आधी लावल्याने मांस कडक होते, ही समजूत बरोबर नाही. किलोमागे दहा ते पंधरा ग्रॅम मीठ काही तास आधी चोळून ठेवले तर ते आत मुरते व शिजताना मांस आपले पाणी धरून ठेवते. १९३० साली ज्या गावच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, त्या शिरोड्याला मिठाचे मोल निराळे सांगावयास नको.

कच्च्या पपईचा कीस मांसाचे तंतू तोडतो. किलोमागे एक मोठा चमचा पुरे. तास-दीड तासाहून अधिक वेळ लावून ठेवल्यास बाहेरचा भाग पिठूळ होतो. आले व दही यांचाही मर्यादित उपयोग होतो.

तीन पाक

सागोती : वर सांगितलेले एक किलो मिश्र मांस मध्यम तुकडे करून धुवावे. त्यास आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण, हळद व मीठ लावून तासभर ठेवावे. पातेल्यात तेलावर दोन चिरलेले कांदे परतावे, मांस घालून त्याचे पाणी सुटून आटेपर्यंत परतावे. पातेल्यावर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घालावे. तेच गरम पाणी लागेल तसे मांसात ओतावे. थंड पाणी ओतू नये, उकळी मोडते. मंद आचेवर दीड ते दोन तासांत मांस हाडापासून सुटू लागले की तीन-चार चमचे मालवणी मसाला घालावा. अर्ध्या नारळाचे खोबरे व एक कांदा खरपूस भाजून वाटलेले वाटप शेवटी घालून दहा मिनिटे उकळावे. वाटप आधी घातल्यास तळाशी लागते. सागोती तासभर मुरू द्यावी व वड्यांबरोबर वाढावी. शेजारी सोलकढी असावी.

भाजलेले चाप : आदत बोकडाचे किंवा कोवळ्या मेंढ्याचे चाप घ्यावेत. मीठ, मिरी, आले-लसूण व पपईचा थोडा कीस तासभर लावून, कीस पुसून तव्यावर मोठ्या आचेवर दोन्ही बाजू तांबूस कराव्यात व नंतर मंद आचेवर आतपर्यंत शिजवावेत. मेंढ्याच्या चापाला स्वतःची चरबी असते, म्हणून तेल जवळजवळ लागत नाही. बोकडाच्या चापावर मधून मधून तेल सोडावे. मेंढ्याचा पदार्थ नेहमी गरमच वाढावा.

पायांचा रस्सा : जाळून, खरवडून स्वच्छ केलेले चार पाय मिरी, आले, हळद व मीठ घालून चुलीच्या मंद आचेवर चार-पाच तास किंवा कुकरमध्ये तासभर शिजवावेत. कमी खर्चात होणारा हा पदार्थ पावसाळ्यात विशेष रुचतो.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

सांगण्यापेक्षा चाखून पटते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीत पुढील प्रयोग करावा.

एकाच बोकडाची मान, खांदा, मांडी व पाठ यांचे हाडाविना प्रत्येकी २५० ग्रॅम सारख्या आकाराचे तुकडे घ्यावेत. चार सारख्या पातेल्यांत प्रत्येकी अर्धा लिटर उकळते पाणी व तीन ग्रॅम मीठ घालावे. मसाला घालू नये, तो फरक झाकतो. झाकण ठेवून सारख्या मंद आचेवर शिजवावे. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक पातेल्यातील एका तुकड्यात सुई टोचून ती सहज जाते काय ते पाहावे व वेळ लिहावी. सुई सहज गेली की तुकडे निथळून, पाच मिनिटांनी तोलावेत. २५० ग्रॅमचे समजा १६५ ग्रॅम झाले, तर घट ८५ ग्रॅम, म्हणजे ३४ टक्के, असे गणित मांडावे. शेवटी पाच जणांनी भाग न सांगता चाखून मऊपणा, चव व रसाळपणा यांना प्रत्येकी दहापैकी गुण द्यावेत. चारही पातेल्यांतील पाणीही निवल्यावर पाहावे. कोणते थिजते यावरून रश्शाचा भाग कळतो.

दुसऱ्या बैठकीत केवळ खांदा घ्यावा. मात्र तो कन्याळ बोकडाचा, घाटावरील बोकडाचा व मेंढ्याचा असा तीन प्रकारचा असावा. जनावरांचे वय शक्यतो सारखे असावे. एका प्रयोगात एकच गोष्ट बदलावी, हा नियम कटाक्षाने पाळावा. आदत मेंढा व जुळलेला बोकड यांची तुलना करून ‘मेंढाच चांगला’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे जातीच्या नावावर वयाचा हिशेब मांडणे होय.

सावधगिरी

आजारी किंवा आपोआप मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नये व विकू नये. नाका-तोंडातून काळसर रक्त येऊन एकाएकी जनावर मेले, तर ती फाशी असू शकते. ते मुळीच उघडू नये, ताबडतोब पशुवैद्यकास कळवावे. कलेजी किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी आढळल्यास तो भाग कुत्र्यांना टाकू नये; जाळावा किंवा खोल पुरावा. या गाठींतील कृमी कुत्र्यांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो. जनावरास औषध दिले असल्यास पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपल्याशिवाय ते कापण्यासाठी विकू नये. शिजलेले मांस दोन तासांपेक्षा अधिक वेळ उघड्यावर ठेवू नये. जेवण विकणाऱ्या गटांनी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये आपली नोंदणी करून घ्यावी.

समारोप

चांगली सागोती गोठ्यात सुरू होते, हे यावरून ध्यानात येईल. ज्याने करडू वेळेवर खच्ची केले, नीट पोसले, दात पाहून व फीत लावून विकले, त्याला योग्य दाम मिळतो. आणि जिने भाग ओळखून मांस घेतले, आच व वेळ सांभाळली, तिच्या ताटाला दाद मिळते. येत्या हंगामात प्रत्येक गावात निदान एक फीत व एक प्रात्यक्षिक एवढे झाले, तरी या पाठाचा हेतू साधेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. छातीचा घेर २४ इंच व लांबी २२ इंच असलेल्या बोकडाचे अदमासे वजन किती?

२. अर्ध्या तासाने चिवट लागणारे मानेचे मांस मऊ करण्यासाठी आच वाढवावी की वेळ? का?

३. दक्षिण कोकणात मेंढीऐवजी शेळीपालन का रुजले?

४. जातींची तुलना करताना वय सारखे का असावे?